एका तासावरचं सासर

“विमान किती वाजता असतं?”

हा प्रश्न माझा नव्हता. माझ्या वर्गमैत्रिणींचा, प्रियाचा आणि सुमेधाचा होता, माझं फक्त तोंड होतं. पण पुढच्या खोलीत सतरंजीवर बसलेल्या सगळ्या माणसांनी पोह्याचा घास हातात धरून पाहिलं ते माझ्याकडंच.

त्या दिवशी शीतलताईला बघायला पाव्हणे आले होते. बघायला म्हणजे नावालाच. मुलगा कल्याण दोन वर्षं जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत होता. ताई तिथल्याच लॅबमध्ये बियाणं उगवतं की नाही ते तपासते. एकमेकांना काय बघायचं ते त्यांनी बघून घेतलं होतं. आता त्याची बदली त्याच्या गावाकडं, कोल्हापूरच्या बाजूला झाली होती आणि राहिलं होतं ते आमच्या पप्पांनी बघायचं. पप्पांना पोरगा पसंत होता. पसंत नव्हतं ते अंतर.

त्यावर इलाज आणला बद्रीनाथमामानं. मामा म्हणजे आईचा भाऊ, आमच्या अर्ध्या नात्यागोत्याची लग्नं त्यानंच जुळवलेली. त्यानं मोबाईलवर एक पान काढलं. पानावर नकाशा, नकाशावर संभाजीनगरच्या विमानतळापासून कोल्हापूरच्या विमानतळापर्यंत धनुष्यासारखी वाकलेली रेघ आणि खाली लिहिलेलं, अंतर पावणेचारशे किलोमीटर, उड्डाणाचा वेळ साधारण एक तास. मामानं तो फोन घरभर असा फिरवला जसा काही देवाचा अंगारा. आईनं पाहिला. पुष्पाआत्यानं चष्मा पुसून पाहिला. पप्पांनी एकदा पाहिला, बाहेर जाऊन आले आणि परत मागून घेतला.

पप्पांचं वाटूर फाट्यावर टायर-पंक्चरचं दुकान आहे. चारी बाजूंनी गाड्या येतात, चारी बाजूंना बातम्या जातात. दुसऱ्या दिवशी अख्ख्या फाट्याला माहीत झालं की मच्छिंद्रभाऊंची लेक लांब चालली, पण एका तासावर.

एक तास का महत्त्वाचा, ते सांगते. आमच्याकडं सासरी गेलेली लेक सणाला आपल्या मनानं निघत नाही. पंचमी असो, दिवाळी असो, माहेरचं माणूस तिला आणायला जातं, तिथं दोन घास खातं, मग ती निघते. त्या माणसाला मुराळी म्हणतात. मुराळी म्हणजे भाऊ. भाऊ नसला तर बाप. कुणीच गेलं नाही तर लेक तिथंच राहते. पुष्पाआत्या म्हणते, आपल्या पायानं आलेल्या लेकीला गल्ली विचारते, का गं, भांडून आली का?

आम्हाला भाऊ नाही. ताई आणि मी, संपलं. पप्पांची कंबर टायर फिरवून फिरवून अशी झाली आहे की सकाळी खाटेवरून उठताना ते आधी एका कुशीवर वळतात, मग थोडं थांबतात, मग कुणाला तरी शिवी देतात, मग उठतात. त्यांना रात्रभर बसमध्ये बसवत नाही. पण विमानानं एक तास म्हटल्यावर ते दुकानात सांगत सुटले, “सकाळी जातो, दुपारच्या जेवणाला लेक घरी.”

तर पाव्हणे आले. कल्याण, त्याचे वडील आणि एक काका. भाड्याच्या जीपमधून उतरले तेव्हा तिघांच्या भुवयांवर धूळ होती. वडिलांना पाय टेकवेना. त्यांनी पाण्याच्या तांब्याआधी गरम पाण्याची बादली मागितली आणि ओट्यावर बसून त्यात पाय सोडले. काका तर भिंतीला टेकल्या टेकल्या घोरायला लागले. बोलणी काय चालली आहेत, त्यांना पत्ताच नाही.

आम्ही तिघी स्वयंपाकघराच्या दारामागं पोह्यांवर शेव टाकायच्या नावाखाली सगळं बघत होतो. सुमेधा वर्गात गणितात पहिली. ती माझ्या कानात म्हणाली, “एका तासावरून आलेल्या माणसाचे पाय एवढे सुजतात का गं?” प्रिया म्हणाली, “विचार की. सूत्रसंचालिका ना तू?” शर्त लागली. मी विचारलं तर आठवडाभर शाळेत जाताना सायकल त्या दोघींनी हाणायची, मी राणीसारखं मागं बसायचं.

सूत्रसंचालिका म्हणजे हे की गेल्या गॅदरिंगला माझ्या हातात माइक आला. त्याआधी मी वर्गात हजेरी देतानासुद्धा ओढणी तोंडावर धरायची. माइक आला आणि आतलं काहीतरी सुटलं. तेव्हापासून माझा आवाज आत जायलाच तयार नाही. आई म्हणते, शाळेनं माइक परत घेतला, पण ह्या पोरीला कुणी सांगितलंच नाही.

मी शेवेचा डबा घेऊन बाहेर गेले आणि विचारलं, “विमान किती वाजता असतं?”

कल्याणच्या वडिलांनी मामाकडं पाहिलं. मामानं फोनकडं पाहिलं. पप्पा पाव्हण्यांकडं बघून हसले, म्हणजे सांगा हिला, लहान आहे. शेवटी कल्याणच बोलला. तो म्हणाला की असं विमान नाहीच. कोल्हापूरहून विमान उडतं, संभाजीनगरहूनही उडतं, पण एकाहून दुसऱ्याला जाणारं नाही. मामांनी दाखवलं ते पान कुठल्याही दोन विमानतळांमध्ये रेघ मारून देतं. विमान असतं तर किती वेळ लागला असता, एवढंच त्यात कळतं.

“आमास्नी वाटलं तुमच्याकडनं असंल,” त्याचे वडील म्हणाले.

“आमाला वाटलं तुमच्याकडून,” पप्पा म्हणाले.

तेवढ्यात काका जागे झाले आणि त्यांनी विचारलं, “आलं का गाव?”

प्रियाला हसू आवरेना, ती मागच्या दारानं पळाली. पण पुढच्या खोलीत कुणी हसलं नाही. पप्पांनी बशी खाली ठेवली ती परत उचलली नाही. पाव्हण्यांना वाटेला लावताना ते एवढंच म्हणाले की घर बघून कळवतो.

शर्त मी जिंकले. आठवडाभर सायकलवर मागं बसले आणि एक दिवससुद्धा मजा आली नाही. घरी ताई माझ्याशी बोलत नव्हती. पहिल्याच रात्री एक वाक्य बोलली होती, “तुला प्रश्न विचारायला माझाच दिवस सापडला?” त्यानंतर फक्त ताट माझ्यापुढं सरकवायची. फाट्यावर ट्रकवाले पप्पांना विचारत होते, “मच्छिंद्रभाऊ, विमानाचं पंक्चर बी काढून राह्यले का आता?” पप्पा मान वर न करता टायर फिरवत राहायचे. मामा रुसून बसला होता. घर बघायला चल म्हटलं तर त्याचे गुडघे दुखायला लागले. चुलतभाऊ बबलूला विचारलं, लग्नानंतर पंचमीला तू जाशील का रे मुराळी म्हणून? तो आईला म्हणाला, “काकू, एवढ्या लांब? त्यापरीस व्हिडिओ कॉल करा की, सगळेच दिसतेत.”

सहामाही परीक्षा संपली त्या संध्याकाळी पप्पा दुकानातून आले, हात घासून घासून धुतले आणि मला म्हणाले, “तूच इचारलं ना? मंग तूच चल. बघ डोळ्यांनी, किती अंतर हाय ते.”

ताई रात्री माझी बॅग भरायला आली. उलटीची गोळी ठेवली, स्वतःची शाल ठेवली. बराच वेळ चेनशी खेळत बसली. मग म्हणाली, “पप्पांना न्हाई म्हणायचं असंल तर म्हणू दे. आईची आण, मी ओरडणार न्हाई की रडणार न्हाई. पण नंदू, थकून न्हाई म्हणू देऊ नको.”

एवढ्या दिवसांनी ती मला नंदू म्हणाली. राजनंदिनी एवढं लांब नाव फक्त हजेरीत आणि तिच्या रागात येतं.

उजाडता उजाडता आम्ही फाट्यावरून जालन्याची एसटी धरली. पप्पांनी शर्टाच्या आत कमरेचा पट्टा बांधला होता. जालन्याहून अंबड, अंबडहून शहागड. शहागडला गोदावरीच्या पुलाजवळ हायवेवर उभं राहिलं की संभाजीनगरहून सोलापूरकडं जाणाऱ्या गाड्या मिळतात, असं पप्पांना एका ड्रायव्हरनं सांगितलं होतं. गाड्या मिळत होत्या, थांबत नव्हत्या. आम्ही हात केला की त्यांचा वेग वाढायचा. ट्रक असे जायचे की अंगावरचे कपडे आधी त्यांच्यामागं धावायचे, मग परत यायचे. ऑक्टोबरचं ऊन. पप्पा रसवंतीच्या सावलीत उभे राहिले, मग बाकड्यावर बसले, मग बाकड्यावर आडवे होऊ का असं बघायला लागले.

मी रसवाल्याला विचारलं. तो म्हणाला, इथं कशाला, पुढं पोलीस चौकीपाशी गतिरोधक आहे, तिथं गाड्यांना हळू व्हावंच लागतं. आम्ही तिथं गेलो. गाडी हळू झाली, मी समोरून हात हलवला आणि कंडक्टर दार उघडून मला बोलत असतानाच आम्ही चढलो सुद्धा.

जागा नव्हती. बीडपर्यंत पप्पा दांडीला धरून उभे होते. दर खड्ड्याला त्यांचे डोळे मिटायचे. मी एका मावशींना विचारलं की तुम्ही कुठं उतरणार? त्या म्हणाल्या बीड. मग मी त्यांच्याजवळच चिकटून उभी राहिले आणि त्या उठल्याबरोबर बॅग टाकून जागा धरली. पप्पा बसले. बसताना त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की ही कुणाची पोरगी आहे, आपण ओळखतो का हिला.

पुढं काय झालं ते सांगण्यासारखं नाही, कारण काही झालंच नाही. प्रवासाचं तेच वाईट असतं. डोकं खिडकीवर आपटत राहतं. बाहेर तूर, सोयाबीनचं रान, ढाबा, पेट्रोल पंप, परत तूर. आईनं दिलेल्या दशम्या खाल्ल्या, चटणी मांडीवर सांडली. मी फोन काढून मामाचं ते पान उघडलं. रेघ अजून तिथंच होती, वाकलेली, सुंदर. त्या रेघेवर एकही फाटा नव्हता. कुठं थांबायचं नव्हतं, कुठं गाडी बदलायची नव्हती, कुणाला जागा विचारायची नव्हती. मी फोन बंद करून बॅगेत तळाला टाकला.

सोलापूरच्या स्टँडवर पप्पा सिमेंटच्या बाकावर बसले आणि म्हणाले, “तू इचार. मला उठवंना गेलंय.”

मी आजवर पप्पांच्या तोंडून हे वाक्य ऐकलं नव्हतं. चौकशीच्या खिडकीवर गर्दी होती. आतले काका फोनवर बोलत होते आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला हातानंच तिकडं, तिकडं करत होते. मी खिडकीच्या जाळीत तोंड घालून, गॅदरिंगच्या आवाजात विचारलं की कोल्हापूरची गाडी कुठल्या फलाटाला लागते आणि आमच्यासोबत कंबर दुखणारं माणूस आहे, तर बसून जाता येईल अशी कोणती? त्यांनी फोन कानावरून काढला. फलाट सांगितला, दुसरी गाडी रिकामी निघते म्हणून सांगितलं आणि वर विचारलं, कुठल्या गं तुम्ही? जालना म्हटल्यावर म्हणाले, अरे बापरे.

गाडी रिकामी होती. पण रिकाम्या गाडीतही रस्ता तेवढाच असतो. मंगळवेढा गेलं, सांगोला गेला, ऊन कललं. मिरजेच्या अलीकडं पप्पांनी विचारलं, “अजून किती राह्यलं?”

लहानपणी पुष्पाआत्याच्या गावाला जाताना हा प्रश्न मी त्यांना विचारायची आणि ते दर वेळी खोटं बोलायचे. मी म्हणाले, “आलंच पप्पा.”

त्यांना कळलं. ते हसले थोडेसे, आणि शाल पाठीमागं घालून परत डोळे मिटले.

कल्याणचं गाव हातकणंगल्यापासून आत आहे. तो मोटारसायकल न आणता कुणाची तरी चारचाकी मागून घेऊन स्टँडवर उभा होता. दिवेलागण होऊन गेली होती. घराच्या दारात त्याची आई, गिरिजाबाई, पदर खोचून उभ्या होत्या आणि त्यांच्या पायाशी गरम पाण्याची बादली होती. मला हसायला आलं आणि रडायलाही.

“आमचं हे तुमच्याकडनं आल्यावर दोन दिस झोपून होतं,” त्या म्हणाल्या. “आधी पाय टाका, मग बोला.”

पप्पांनी पाय टाकले. चहा आला. कल्याणचे वडील ऊस, कारखाना, पाऊस असं काहीबाही विचारत होते. पप्पा एका वाक्याच्या मधोमध, “आमच्याकडं कापसाला औंदा,” एवढं म्हणून थांबले. मला वाटलं आठवत आहेत. ते झोपले होते. कपबशी हातात तशीच सरळ. गिरिजाबाईंनी ती हळूच काढून घेतली आणि त्यांच्या पाठीमागं उशी सारली. कुणी हसलं नाही. मी मात्र आठवत बसले की आमच्या घरी काका घोरत होते तेव्हा आम्ही तिघी दारामागं काय करत होतो.

सकाळी उठले तर अंग असं, जणू कुणी मला पंक्चर काढण्यासाठी उलगडून परत बसवलं होतं. पप्पा कल्याणच्या वडिलांबरोबर रान बघायला गेले. मी गिरिजाबाईंबरोबर धुणं वाळत घालायला गच्चीवर गेले. चारी बाजूंना ऊस. आमच्याकडं एवढं हिरवं एकदम बघायला मिळत नाही, डोळे दिपतात. त्या बोलत होत्या. ताईच्या नोकरीचं बोलल्या, इकडंही बियाण्याच्या कंपन्या आहेत, कल्याणनं चौकशी केली आहे. पोरीला घरात बसवायचं नाही असं त्याचं आधीपासून आहे, असंही बोलल्या. मग ओली साडी झटकून दोरीवर टाकली आणि ओढ्याच्या पलीकडं बोट केलं.

“त्या नारळाच्या मागं कौलं दिसत्यात का? ते माझं म्हायेर.”

एवढं जवळ. मी म्हणाले, मग तुम्ही तर रोज जात असाल.

“भाऊ होता तवर जायची. दर पंचमीला न्ह्यायला यायचा, बैलगाडी घिऊन. एवढ्याशा वाटंला बैलगाडी, लोक हसायचे. तो गेला.” त्यांनी साडीची सुरकुती हातानं सारखी केली. “भाचं हायत. पर न्ह्यायला कोण येतंय? आणि आपल्या पायानं कसं जायचं?”

आता माझी सवय तुम्हाला माहीत आहे. मी विचारलं, “चालत किती वेळ लागतो?”

त्या कौलांकडं बघत राहिल्या, जणू खरंच मोजत आहेत. मग म्हणाल्या, “ठावं न्हाई बाई. चालत कवा गेलीच न्हाई.”

मी दुसरं काही विचारलं नाही. माझ्याकडं विचारायला काही नव्हतं, आणि असं माझं माइक हातात आल्यापासून पहिल्यांदाच झालं.

तेवढ्यात आभाळात आवाज आला. विमान. चांगलं खालून, चाकं दिसतील एवढं. खाली अंगणात पप्पा रानातून येऊन उभे होते, त्यांनी कपाळावर हात धरला आणि विमान उसापलीकडं उतरेपर्यंत मान वळवत राहिले. “हे कुठलं?” त्यांनी विचारलं. कल्याण म्हणाला मुंबईचं असेल. पप्पांनी मान हलवली. हात मात्र कपाळावरच राहिला, जणू त्यामागून अजून एखादं येईल.

दुपारी निघालो. येताना रात्र गाडीतच गेली, तिचं काय सांगू. पप्पा कण्हत होते आणि कण्हत नसल्यासारखं दाखवत होते. मी जागी होते. सोलापूरला गाडी मीच विचारली, शहागडला कंडक्टरला आधीच सांगून ठेवून चौकीपाशी मीच उतरवून घेतलं. पप्पा माझ्यामागं चालत होते, बॅगसुद्धा माझ्याकडं होती.

वाटूरला उतरलो तेव्हा शाळेला जाणाऱ्या पोरांच्या सायकली चालल्या होत्या. प्रिया आणि सुमेधानं लांबून हात केला. मला हात वर करायचाही कंटाळा आला.

घरी पुष्पाआत्या कालपासून येऊन बसली होती. आई दारात. ताई कामावर गेली नव्हती. ती चुलीजवळ पाठमोरी बसली होती, पाणी तापवत. पप्पा खाटेवर टेकले, त्यांनी पट्टा सोडला. आईनं विचारलं, कसं आहे?

“पोरगं सोन्यासारखं हाय,” पप्पा म्हणाले. “माणसं आपल्यापरीस चांगली. घरदार, पाणी, काही कमी न्हाई.”

ताईची पाठ सरळ झाली.

“पण शीतलची आई, मी जाऊन आलो. आता इचार मला, अजून पाच सालानं जाईन का? धा सालानं? हे असं एका बाकड्यावरून दुसऱ्या बाकड्यावर? लेक तिकडं वाट बघत बसंल आन् आपण इकडं गोळ्या खात. न्हाई. एवढ्या लांब न्हाई द्यायची. मी आजच कळवतो त्यांना.”

आत्या म्हणाली, बराबर आहे, मूळ न लागणाऱ्या, न्यायला कुणी न येणाऱ्या लेकीचे हाल मी बघितलेत. ताईनं तापलेलं पाणी बादलीत ओतलं, ती उचलून आणली आणि पप्पांच्या पायाशी ठेवली. सांगितल्याप्रमाणं ओरडली नाही, रडलीही नाही. फक्त त्यांचे पाय उचलून पाण्यात ठेवताना तिची मान खाली गेली ती वर आली नाही.

मला एवढी झोप येत होती की भिंत पुढं-मागं होत होती. डोळ्यांसमोर ती नारळामागची कौलं होती. मी बॅग खाली टाकली.

“पप्पा, तुम्ही जाऊ नका. तुम्हाला कोण जा म्हणतंय?”

“मंग कोण जाईल? बबलू?”

“मी.”

आत्यानं तोंडावर पदर धरला. “पोरगी कुठं मुराळी जाती का गं?”

“आत्या, सोलापूरची गाडी कुणी विचारली? पप्पांना जागा कुणी धरली? ते इचारा त्यांना.” पप्पांनी बादलीतल्या पाण्याकडं पाहिलं. आई माझ्याकडं बघत होती. मी तिच्याकडं आणि पप्पांकडं आळीपाळीनं बघत सांगितलं, आवाज मोठा करायची गरजच पडली नाही, “आई, पप्पा, माझं ठरलंय. येत्या पंचमीला ताईला आणायला मी जाणार. त्याच्या पुढच्या पंचमीला बी मीच, आन् माझं लग्न झालं तर तिथून निघून जाईन, पण जाईन. लोकांनी इचारलं तर सांगा, आमच्याकडं पोरगी मुराळी जाती. तुम्ही त्यांना आज होकार कळवा. न्हाईतर गिरिजाबाईंचा नंबर हाय माझ्याकडं, झोपून उठले की मीच कळवते.”